पायातलं ऋण

रोजच्या वापरासाठी चामड्याचे बूट घ्यायचे तर किती पैसे मोजावेत, हा प्रश्न वरवर घरखर्चाच्या वहीतला वाटतो. दीड हजारात बूट मिळतात, पाच हजारांत मिळतात, पंधरा हजारांतही मिळतात. खिसा बघावा, पायाचं माप द्यावं आणि मोकळं व्हावं, असंच बहुतेक जण मानतात. पण चामड्याच्या जोडीत तीन गोष्टी अशा असतात, ज्यांचा उल्लेख किमतीच्या चिठ्ठीवर कधीच नसतो. एका जनावराचं कातडं त्यात असतं. ते कातडं सोलणाऱ्या, कमावणाऱ्या आणि शिवणाऱ्या माणसांचे श्रम त्यात असतात, आणि आपल्या समाजानं त्या श्रमांना शतकानुशतकं विटाळ मानलेलं आहे. शिवाय ते कमावताना लागलेलं पाणी कुठल्या ना कुठल्या नदीला जाऊन मिळालेलं असतं. आपण जगताना दुसऱ्याचं काय घेतो आणि त्याची परतफेड कशी करतो, याला जर धर्म म्हणायचं असेल, तर बुटांची निवड हा धर्माचाच प्रश्न आहे. माझं म्हणणं असं की, चामड्याच्या वस्तूची किंमत गल्ल्यावर फिटत नाही. तिथं फक्त तिचा पहिला हप्ता दिला जातो; उरलेलं देणं पुढची कित्येक वर्षं ती वस्तू वापरून, जपून आणि दुरुस्त करून फेडायचं असतं. म्हणून जो बूट असा फेडता येतो, तोच किमतीला उतरतो. वर्षभरात उकिरड्यावर जाणारा बूट स्वस्त असूनही महाग आहे, आणि कपाटात शोभेला राहणारा बूट कितीही उत्तम असला तरी ते देणं थकलेलंच राहतं.

पादत्राणांचा इतका बारकाईनं विचार धर्मग्रंथांनी केला असेल, असं सहसा वाटत नाही. पण पाली विनयपिटकाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या, महावग्गात ‘चम्मक्खन्धक’ नावाचं एक अख्खं प्रकरण चामड्यावर आहे. त्याची सुरुवात चंपानगरीच्या सोण कोळिविस या श्रेष्ठिपुत्रापासून होते. अतिशय लाडाकोडात वाढलेला हा तरुण भिक्षू झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात अनवाणी चंक्रमण, म्हणजे ध्यानातल्या येरझारा, करत राहिला. इतका की, त्याचे पाय फुटून चालण्याची वाट रक्तानं माखली. बुद्धांनी त्याला एकपदरी वहाणा घालायची परवानगी दिली. सोणानं ती एकट्यासाठी नाकारली. आपण गाडे भरभरून सोनं सोडून आलो आणि आता एका वहाणेत अडकलो, असं लोक म्हणतील. साऱ्या संघाला मुभा असेल तरच मी घालीन, असं त्यानं कळवलं. मग ती मुभा सगळ्यांना मिळाली. पुढं याच प्रकरणात महाकच्चान थेराची विनंती येते. अवंती-दक्षिणापथाची जमीन काळी, कडक आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते, म्हणून तिथल्या भिक्षूंना जाड, बहुपदरी वहाणा चालाव्यात, असं ते मागणं होतं आणि ते मान्य झालं. ज्या काळ्या मातीवर आपण राहतो, तिच्याच पट्ट्यातली ही गोष्ट. तिचा अर्थ स्पष्ट आहे: पायाला आधार हवा ही गरज खरी आहे, ती जागेनुसार बदलते, आणि ती भागवण्यात अधर्म नाही.

गरज मान्य केल्यावर तिची मर्यादा कुठं आखायची, हेही त्याच प्रकरणात येतं. एका भिक्षूची नजर एका उपासकाच्या घरच्या ठिपकेदार, गोजिऱ्या वासरावर खिळते. उपासक विचारतो तेव्हा तो म्हणतो, याचं कातडं मला उपयोगी पडेल. उपासक वासरू मारतो आणि कातडं त्याला देतो. भिक्षू ते चीवराखाली झाकून निघतो, आणि वासराची आई त्याच्या मागोमाग चालत राहते. ही गाय तुझ्यामागं का येते, असं इतर भिक्षू विचारतात. रक्ताचे डाग दिसतात आणि सारं उघड होतं. त्या भिक्षूनं स्वतः शस्त्र उचललं नव्हतं, तरी बुद्धांनी दोष त्याच्यावर ठेवला, कारण त्याच्या मागणीमुळं जीव गेला होता. दुसरा प्रसंग याच्या उलट टोकाचा आहे. पायांना भेगा पडून लंगडणाऱ्या एका भिक्षूला एक उपासक स्वतःच्या पायातल्या बहुपदरी वहाणा काढून देतो. नियमानं त्या निषिद्ध असतात, म्हणून भिक्षू नको म्हणतो. तेव्हा बुद्ध नवा नियम घालून देतात: दुसऱ्यानं वापरून उतरवलेल्या बहुपदरी वहाणा घ्याव्यात, नव्या घेऊ नयेत. चामडं तेच, पदरही तितकेच. फरक फक्त वापरलेल्या आणि न वापरलेल्या वस्तूत आहे. नवी वस्तू मागितली की तिच्यासाठी नवं कातडं लागतं. जुनी वापरली की आधीच घेतलेल्या कातड्याचं आयुष्य लांबतं. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या नियमात माझ्या साऱ्या युक्तिवादाचं बीज आहे.

गृहस्थाच्या बाबतीत वैदिक परंपराही वेगळ्या वाटेनं याच ठिकाणी पोचते. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, ही घरातली पाच हिंसास्थानं स्मृतिकारांनी मोजून सांगितली. घर चालवायचं तर कुठं तरी किडा चिरडतो, कुठं तरी जीव भाजतो. यातून सुटका नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. आणि त्याच्यावर उपाय म्हणून रोजचे पाच महायज्ञ सांगितले, ज्यांत प्राणिमात्रांना द्यायचा भागही आहे. या विचाराचं मोल मला त्यातल्या कबुलीत वाटतं. आपण निर्दोष आहोत असा दावा गृहस्थानं करायचा नाही. आपण देणेकरी आहोत हे धरून चालायचं आणि परतफेड रोजच्या कामाला जोडून घ्यायची. देवांचं, ऋषींचं आणि पितरांचं ऋण घेऊन माणूस जन्माला येतो, ही कल्पना ज्या समाजात रुजलेली आहे, त्या समाजाला कातड्याचं ऋण समजायला अवघड जाऊ नये. ते फेडायचं कसं, एवढंच ठरवायचं आहे. मेलेल्या जनावराला आपण काही परत देऊ शकत नाही. पण त्याच्या कातड्याचा एकेक दिवस सार्थकी लावणं आणि त्यामुळं दुसऱ्या कातड्याची मागणी पुढं ढकलणं, हे मात्र आपल्या हातात असतं.

इथं बुटाच्या रचनेकडं वळावं लागतं, कारण सद्‌हेतू असला तरी वाईट बांधणीचा बूट दीर्घकाळ वापरता येत नाही. जनावराच्या कातड्याचा केसांकडचा वरचा थर सगळ्यांत घट्ट विणीचा असतो. तो तसाच ठेवलेलं चामडं अंगठ्यानं दाबलं की त्यावर बारीक सुरकुत्या पसरतात आणि बोट काढताच विरतात. नीट पाहिलं तर केसांची रंध्रंही दिसतात. याउलट खालचा भुसभुशीत थर घेऊन त्यावर प्लॅस्टिकचा लेप चढवला, तर वस्तू नवी असताना जास्त गुळगुळीत दिसते. पण बोटांजवळ जिथं बूट रोज दुमडतो तिथं लेप आधी तडकतो, मग पापुद्रे सुटतात, आणि एकदा सुटले की कुठल्याही पॉलिशनं ते भरून येत नाहीत. कातड्याचा चुरा गोंदानं थापून केलेलं चामडं तर त्याहून लवकर जातं, आणि कायद्याच्या भाषेत त्यातही चामडं असतंच. सोलचंही असंच आहे. वरचं कातडं, आतला तळ आणि एक अरुंद चामडी पट्टी एकत्र शिवून, मग त्या पट्टीला बाहेरचा सोल शिवलेला असेल, तर सोल झिजल्यावर फक्त बाहेरची शिवण उसवावी लागते. वरचा बूट तसाच राहतो आणि त्याला नवा सोल बसतो. नुसता चिकटवलेला सोलही चांगल्या कारागिराकडून बदलता येतो, पण प्रत्येक वेळी वरच्या कातड्याची कड थोडी दुखावते. काही बुटांच्या कडेला शोभेचे टाके घातलेली पट्टी नुसती चिकटवलेली असते. म्हणून हे टाके खरंच सोलमधून गेलेत का आणि हा सोल बदलून मिळेल का, हे दोन प्रश्न दुकानदाराला विचारलेच पाहिजेत. त्याला दुसऱ्याचं उत्तर देता येत नसेल, तर तो बूट एकदाच वापरायला बनवलेला आहे असं समजावं.

अशा बांधणीची वस्तू किती टिकू शकते, याचा एक सुंदर दाखला गांधीजींच्या आयुष्यात आहे. जोहान्सबर्गजवळच्या टॉलस्टॉय फार्मवर वहाणा बनवल्या जात. गांधीजींचे सहकारी हरमन कॅलनबाख मारियानहिलच्या ट्रॅपिस्ट मठात जाऊन ती विद्या शिकून आले आणि त्यांच्याकडून ती गांधीजींनी आणि इतरांनी उचलली. पुढं तुरुंगात असताना गांधीजींनी जनरल स्मट्स यांच्यासाठी एक जोड तयार केला, आणि १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिका सोडताना तो त्यांना भेट दिला. ज्यानं आपल्याला तुरुंगात घातलं, त्याच्या पायांसाठी ही वस्तू घडवली होती. स्मट्स यांनी त्या वहाणा कित्येक उन्हाळे वापरल्या आणि १९३९ मध्ये, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानं, त्या परत पाठवल्या. पंचवीस वर्षांनी परत देण्याजोगी उरलेली चामड्याची वस्तू! तिच्यातलं कौशल्य काही असामान्य नव्हतं. शिकाऊ हातांचं काम होतं ते. चामडं बरं होतं, टाके हातचे होते, आणि वापरणाऱ्यानं त्या वस्तूची किंमत मनात ठेवली होती. टिकाऊपणाला या तिन्ही गोष्टी लागतात, आणि तिसरी दुकानात विकत मिळत नाही.

या विचारावरचा सगळ्यांत गंभीर आक्षेप अहिंसेच्या बाजूनं येतो. ऋण फेडण्याची भाषा कशाला, ऋण काढूच नका. चामडं वापरणंच सोडा. जैन साधू आणि साध्वी हे शब्दशः पाळतात, अनवाणी चालतात, आणि त्यांच्या त्या व्रतापुढं कुठलाही युक्तिवाद करण्याचं मला कारण दिसत नाही. ‘जनावर मांसासाठी मारलंच जाणार होतं, कातडं तर उरलेलंच असतं’ हे नेहमीचं समर्थनही मी घेणार नाही. कातड्याला बाजारात भाव आहे आणि तो भाव जनावराच्या एकूण किमतीत मिळतो. विनयातल्या त्या भिक्षूसारखे आपणही त्या साखळीत मागणीच्या टोकाला उभे असतो. पण चामडं सोडून आपण काय धरतो, हेही पाहिलं पाहिजे. त्याच चम्मक्खन्धकात लाकडी खडावांखाली किडे चिरडतात म्हणून त्या बंद झाल्या, तेव्हा भिक्षूंनी ताडाच्या पानांच्या पादुका काढल्या. त्यासाठी कोवळे ताड तोडले गेले, ते सुकले, आणि झाडातही जीव असतो म्हणून लोकांनी नावं ठेवली. मग बांबूच्या पादुका झाल्या, त्यांचीही तीच कथा. आजचं रेक्झिन आणि तत्सम कृत्रिम चामडं खनिज तेलापासून बनतं, दोनेक वर्षांत त्याचे पापुद्रे निघतात, आणि ते टाकून दिल्यावर मातीत मिसळत नाही. त्याचे कण ज्या जीवांच्या पोटात जातात तेही जीवच आहेत. म्हणून चामडं सोडणाऱ्याला मी इतकंच म्हणेन की, त्याचं व्रत श्रेष्ठ आहे, पण तेही टिकाऊपणाच्या कसोटीतून सुटत नाही. कॅनव्हास आणि रबराचे बूट तो पाच वर्षं चालवत असेल, तर त्यानं हिंसा खरोखर कमी केली. दरवर्षी चामड्यासारखं दिसणारं प्लॅस्टिक बदलत असेल, तर त्यानं ती फक्त नजरेआड केली.

दुसरी वाट गांधीजींची: नैसर्गिक मरणानं गेलेल्या जनावराचंच कातडं वापरायचं. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी याच विचारावर चर्मालय चालवलं. गावात मेलेल्या गुराचं कातडं वाया न जाता गावातच कमावलं जावं आणि त्या कामाला प्रतिष्ठा मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. जनावराच्या बाजूनं पाहिलं तर ही वाट निर्मळ आहे. पण तिच्यावर माणसांच्या बाजूनं येणारा आक्षेप तितकाच जबर आहे. मेलेलं जनावर उचलायचं कुणी? मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य समाजाला मृत मांस सोडण्याचं आवाहन केलं. मेलेली गुरं ओढण्यात समाजाचा किती फायदा आहे याचे हिशेब जेव्हा मांडले गेले, तेव्हा फायदा दिसत असेल तर तो तुम्हीच घ्या, असं त्यांनी सांगितलं. धर्मांतरानंतर १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी त्या वादाची आठवणही दिली. त्यांचं म्हणणं अगदी नेमकं होतं. जे काम जन्मानं लादलं जातं, त्याला पुण्याचं नाव देऊन ते पुण्य होत नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत ऊना तालुक्यात मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना फटके मारले गेले, आणि त्यानंतर अनेक ठिकाणी मेलेली जनावरं उचलायला नकार दिला गेला. ज्या कातड्यासाठी एकही जनावर मारलं गेलं नाही, त्यासाठी माणसं सोलून निघाली. मग ते कातडं अहिंसक कसं?

बाराव्या शतकातल्या कल्याणचे (आजच्या बसवकल्याणचे) शरण, म्हणजे बसवण्णांच्या पंथातले शिवभक्त, हरळय्या यांची कथा कर्नाटकात आणि सीमेवरच्या आपल्या जिल्ह्यांत सांगितली जाते. बसवण्णांनी हरळय्यांच्या नमस्काराला दुप्पट नमस्कार दिला, या ओझ्यानं हरळय्यांनी स्वतःच्या आणि पत्नीच्या मांडीच्या कातड्याच्या वहाणा शिवून त्यांना अर्पण केल्या. बसवण्णांनी त्या डोक्यावर घेतल्या, पण पायात घातल्या नाहीत. परंपरेनं जपलेल्या या कथेचा बोध मला फार सरळ वाटतो: प्रत्येक वहाणेत ती शिवणाऱ्याची कातडीही थोडी असतेच. म्हणून टिकाऊ बूट घेणं पुरेसं नाही. त्याच्या किमतीतला योग्य वाटा बनवणाऱ्याला पोचला पाहिजे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या वहाणा मूळचा उल्लेख न करता मांडल्या आणि टीका झाल्यावर त्यामागची भारतीय प्रेरणा मान्य केली, तेव्हा महाराष्ट्रात उमटलेला संताप याच जाणिवेचा होता. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले. पण मानांकनानं कारागिराच्या मजुरीचा प्रश्न सुटत नाही. तो सुटतो ग्राहकाच्या सवयीनं. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कित्येक दिवस मुरवलेलं कातडं, हातानं घातलेले टाके, घरातल्या बायकांनी विणलेली वेणी, एवढं सारं असलेला जोड रस्त्याकडेला घासाघीस करून तीनशे रुपयांत मागणारा माणूस बचत करत नसतो, तो आपलं ऋण दुसऱ्याच्या खात्यावर टाकत असतो.

तीच गोष्ट नदीची. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच बनतं. साल आणि हिरडा वापरून जे काम आठवडे घेतं, ते क्रोमियमनं एखाद्या दिवसात होतं. चामडं मऊ होतं आणि पाण्यानं लवकर बिघडत नाही. पण त्याचं सांडपाणी प्रक्रियेविना सोडलं की काय होतं, ते कानपूरच्या जाजमऊत गंगेनं आणि वेल्लोरच्या टापूत पालार नदीनं भोगलं. प्राथमिक प्रक्रियेची सोय नसलेल्या कानपूरच्या टॅनऱ्या बंद ठेवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये दिला. १९९६ मध्ये वेल्लोरच्या खटल्यात, जो प्रदूषण करेल त्यानं भरपाई द्यावी, हे तत्त्व न्यायालयानं भारतीय कायद्याचा भाग मानलं. वनस्पतींनी कमावलेलं चामडंही या बाबतीत पूर्ण निर्दोष नाही, कारण कातड्याचे केस काढायला चुना लागतोच आणि मिठाचं पाणी त्यातूनही वाहतं. म्हणजे पद्धत कोणतीही निवडली तरी एक जोडी बनताना नदीवर काही भार पडतोच. दहा वर्षांत पाच जोड्यांऐवजी एकच जोडी लागली, तर तो भार पाचव्या हिश्श्यावर येतो. यंत्रं सुधारणं कारखानदाराच्या हाती आणि त्याच्यावर नजर ठेवणं सरकारच्या हाती आहे, पण हा पाचाचा एक करणं प्रत्येक ग्राहकाच्या हाती आहे.

आता सगळ्यांत व्यवहारी आक्षेप. टिकाऊ बुटाला एकरकमी पैसे लागतात, आणि ज्याच्याकडं ते नाहीत त्याला हा उपदेश म्हणजे जखमेवर मीठ. हा आक्षेप खरा आहे आणि तो हिशेबातच दिसतो. समजा, दीड हजारांचा बूट एक वर्ष टिकतो, आणि आठ हजारांचा बूट, मध्ये दोनदा दीड-दीड हजारांचा नवा सोल लावून, दहा वर्षं चालतो. पहिल्या माणसाचे दहा वर्षांत पंधरा हजार जातात, दुसऱ्याचे अकरा. गरीब माणूस जास्त खर्च करतो आणि तरीही त्याच्या पायात नेहमी अर्धवट फाटलेला बूट असतो. यात दोष त्याचा नाही. इथं सोण कोळिविसाचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो: जे सगळ्यांना मिळत नाही, ते मी एकटा घेणार नाही. टिकाऊपणा ही श्रीमंतांची चैन राहिली, तर तिच्यातलं नैतिक बळ संपतं. म्हणून ज्यांना परवडतं त्यांच्यावर दुहेरी कर्तव्य येतं. त्यांनी स्वतः टिकाऊ घ्यावं, म्हणजे तशा वस्तूंचा बाजार वाढेल. आणि वापरून झालेली, पण नीट असलेली जोडी पुढं द्यावी. उतरवलेल्या वहाणांना बुद्धांनी दिलेली मान्यता इथं जशीच्या तशी लागू पडते. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी दुरुस्ती हाच टिकाऊपणा आहे. कोपऱ्यावर आरी आणि रापी घेऊन बसणारा मोची दीडशे रुपयांत शिवण घालतो तेव्हा तो त्या जोडीचं आयुष्य वर्षभरानं वाढवतो. लोकांनी कमी बूट घेतले तर कारागीर जगतील कसे, या शंकेचं उत्तरही तोच आहे: फेकून द्यायच्या बुटाला मोची लागत नाही, टिकणाऱ्या बुटाला वर्षानुवर्षं लागतो.

शेवटचा आक्षेप अपरिग्रहाचा आहे, आणि तो जपणाऱ्या माणसाच्या मनाशी संबंधित आहे. वस्तूची इतकी काळजी घ्यायची, तिला मेण लावायचं, पॉलिश करायचं, तर तिच्यात जीव अडकणारच. भद्दिय नगरीतले भिक्षू नाना तऱ्हेच्या पादुका सजवण्यात रमले आणि अध्ययन विसरले, असं विनयातच सांगितलं आहे. रंगीत, मोरपिसं लावलेल्या, शिंगांसारख्या टोकदार वहाणांना तिथं मनाई आहे. हा धोका मी नाकारत नाही. आजही चामड्याच्या बुटांचे शौकीन आहेत, ज्यांच्याकडं वीस उत्तम जोड्या असतात आणि त्यांतली एकही झिजत नाही. पण इथं दोष काळजीचा नसून संग्रहाचा आहे. अपरिग्रह नुसत्या आकड्यानंही मोजता येत नाही. चामडं दिवसभरात पायाचा घाम शोषतं आणि ते पुरतं सुकायला एक दिवस लागतो. म्हणून दोन जोड्या आलटूनपालटून वापरल्या, तर त्या एकामागून एक संपवलेल्या दोन जोड्यांपेक्षा जास्त वर्षं चालतात. इथं दुसरी जोडी संयमाला धरून आहे, तिसरी बहुधा नाही. उलट नुसतं जपून ठेवणंही कामाचं नाही. पॉलियुरेथेनचा सोल कोकणातल्या दमट हवेत, वापर नसतानाही, काही वर्षांत आतून कुजतो आणि एक दिवस पाऊल टाकताच त्याचा भुगा होतो. वरचं चामडं मात्र कोरं राहतं. ज्याला वापरायचं नाही त्यानं घ्यायचं नाही, हाच यातला धडा. गांधीजींनी संपत्तीबद्दल जी विश्वस्ताची भूमिका मांडली, ती बुटाच्या जोडीलाही लागू होते. विश्वस्त ठेव काळजीनं सांभाळतो, पण ती आपली म्हणून मिरवत नाही, आणि वेळ आली की दुसऱ्याच्या हवाली करतो.

तेव्हा बूट घेताना किंमत बघावी, पण ती शेवटी बघावी. आधी चामडं दाबून पाहावं, टाके पाहावेत, सोल बदलतो का ते विचारावं. तो बनवणाऱ्याला त्यातलं काय मिळतं, हे कळत असेल तर समजून घ्यावं. आणि हा बूट मी खरोखर रोज घालणार आहे का, हे स्वतःला विचारावं. या सगळ्यांचं उत्तर समाधानकारक असेल आणि खिशात पैसे असतील, तर जास्त किंमत देताना मनाला टोचणी लागू देऊ नये. उत्तर समाधानकारक नसेल, तर पैसे कितीही असोत, हात मागं घ्यावा आणि जुना जोड मोच्याकडं न्यावा. यानं जनावर जिवंत होणार नाही, जातीचा इतिहास पुसला जाणार नाही, आणि एकट्याच्या संयमानं नदीही स्वच्छ होणार नाही. पण माणसाला पूर्ण निर्दोष जगता येत नाही, म्हणून त्यानं बेफिकीर जगावं, असं कुठल्याच धर्मानं सांगितलेलं नाही. जे घेतलं ते वाया घालवायचं नाही, ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विसरायचं नाही, आणि घेण्याची वेळ जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची, एवढं गृहस्थाला जमण्यासारखं आहे, आणि म्हणूनच ते त्याचं कर्तव्य आहे.